धाकट्याची बरणी, पोस्टमनची बरणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

मला लिहिता येत नाही. मी बोलते आणि माझी नात लिहिते. तिला सध्या दुसरं काम नाही. काल सामन्यात दोन्ही अंपायरांनी मिळून तिच्या नावाचा कागद वर पाठवला, की ही मुलगी चेंडू टाकत नाही, फेकते. हिचा कोपर झटकतो. चौकशी होईपर्यंत हिने गोलंदाजी करायची नाही. सकाळपासून खिडकीत बसून बोटांत चेंडू फिरवते आहे. फिरवायला बंदी नाही म्हणे, टाकायला आहे. मी म्हटलं, त्या बोटांत पेन धर, घराला काही उपयोग होईल.

"काय लिहू?"

"मी सांगेन ते."

"तू रोज काय सांगणार?"

"सत्त्याहत्तर वर्षं गप्प बसले नाही, आताच कशी आटेन?"

तर हिची ओळख. वय एकोणीस, काम फिरकी, घरातलं नाव गुंडी. दोन वर्षांची असताना माझ्या बरणीतलं एक बटण हिने गिळलं. डॉक्टर म्हणाले वाट बघा. चार दिवस सगळं घर वाट बघत होतं, बटण काही परत आलं नाही. तेव्हापासून गुंडी. (हे लिहायचं नाही म्हणते. लिही.)

यंदा पहिल्यांदा मोठ्या संघात आली. तेवीस तारखेचा सामना झाला की पुढच्या वर्षीचा संघ ठरणार. त्याच्या तोंडावर हे. हिचा बाप म्हणतो काही होत नाही, हिची आई म्हणते परीक्षा देऊन नोकरी बघ. मी काही म्हणत नाही. मी शिलाई मशीनला तेल घातलं, त्याला गरज नसताना.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कोचबाई आली. शिट्टी गळ्यात, बूट दारात. बसली नाही, उभ्याउभ्याच बोलली. वाईट बातमी आणणारी माणसं खुर्चीचा भार वाचवतात.

म्हणाली, दोन वाटा आहेत. एक, गुंडीने आत्ताच शैली बदलायची. हात सरळ ठेवून, हळू, साधा चेंडू टाकायचा. वळेल कमी, पण कोणी बोट ठेवणार नाही. मग तपासणीही नको, कोचबाई तसं वर कळवेल. दुसरी, तपासणीला जायचं. तिथे कॅमेरे लावून कोपर मोजतात. पास झाली तर आहे तशी खेळेल. नापास झाली तर वर्षभर घरी. उत्तर सोमवारपर्यंत.

"वर्षाने परत घेतील ना?" मी विचारलं.

"आजी, वर्षभरात दुसऱ्या चार जणी येतात."

मग तिने गुंडीला तिथेच, पलंग आणि मशीन यांच्या मधल्या जागेत, चेंडूशिवाय हात फिरवायला लावला. "हात सरळ कर."

"सरळच आहे."

"याला सरळ म्हणतात?"

मी चष्मा लावून बघितलं. चांगला सरळ होता. कोचबाईच्या डोळ्यांत काहीतरी असावं. शिट्ट्या मारून मारून डोळ्यांवर ताण येत असेल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गुंडीने आज वहीला सोडून पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. "आजी, मामाआजोबा मोठे गोलंदाज की पोस्टमन?"

मामाआजोबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. पोस्टमन म्हणजे पोस्टमनच, आमच्या क्लबाचा. दोघंही फिरकी टाकायचे, एकाच संघात, दोन टोकांकडून. बावन्न वर्षं झाली, तरी या गल्लीत दोन म्हातारे भेटले की हाच प्रश्न निघतो, आणि भांडून चहा गार करतात.

मी मशीनखालून दोन बरण्या काढल्या. क्लबाचे अकरा पांढरे शर्ट धुवायचं आणि शिवायचं काम माझ्याकडे होतं. रविवारी मैदानाच्या कडेला सुईदोरा घेऊन बसायचे. स्कोअरर वहीत लिहायचा, मी बटणं टाकायचे. धाकट्याची विकेट, धाकट्याच्या बरणीत एक. पोस्टमनची विकेट, त्याच्या बरणीत एक. चेंडू वळून विकेट पडली तर चार भोकांचं बटण, सरळ जाऊन पडली तर दोन भोकांचं. कशासाठी ते विचारू नका. रिकाम्या हातांना काही ना काही लागतं.

धाकट्याच्या बरणीत एकाहत्तर. पोस्टमनच्या बरणीत दोनशे अकरा. क्लबाच्या फळ्यावर पोस्टमनचे दोनशे बारा लिहिलेत. ते खोटे आहेत. मी सेक्रेटरीला वीस वेळा सांगितलं असेल.

"म्हणजे पोस्टमन मोठे."

"पोस्टमन बावीस हंगाम खेळला. धाकटा तीन."

गुंडीने मान तिरकी करून हिशेब केला. धाकट्याला हंगामाला जवळजवळ चोवीस, पोस्टमनला साडेनऊ. "मग मामाआजोबा."

असं चट्कन ठरत नाही बाई. मी शर्टावरून सांगते. धाकट्याचा शर्ट पाच ओव्हरमध्ये पाठीला चिकटायचा. प्रत्येक चेंडूवर काहीतरी व्हायचं. बॅट हवेत फिरायची, कीपर ओरडायचा, माझ्या बोटात सुई जायची. पोस्टमनचा शर्ट वीस ओव्हर टाकून कॉलरसुद्धा स्वच्छ. त्याच्या ओव्हरला मी चहा ठेवायला उठायचे. परत येईपर्यंत काहीही झालेलं नसायचं. पण तसं नुसतं बसवून ठेवलं की बॅट्समन भुकेजायचा, आणि भूक भागवायला धाकट्याच्या टोकाला जायचा. म्हणजे धाकट्याच्या बरणीतली थोडी बटणं पोस्टमनने घरपोच आणून दिलेली आहेत. ती त्याची सवयच होती.

"पण तुला कोणाची ओव्हर बघायला आवडायची?"

मी म्हटलं, दोरा ओव आधी, मला दिसत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज काही झालं नाही. गुंडी अर्धं जेवण ताटात ठेवून उठली. तिची आई काही बोलली नाही, म्हणजे बरंच काही झालं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गुंडी धाकट्याकडे गेली. दर शनिवारी जाते, त्याच्या घरचा दिवा बदलून द्यायला. तो दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो आणि शिडीवर चढायला त्याला डॉक्टरांनी मनाई केली आहे. गेल्या वर्षापासून दर शनिवारी एक दिवा जातो. दोन खोल्यांत किती दिवे लावलेत त्याने, कोण जाणे. आणि दिवा बदलून आलेल्या मुलीच्या चपलांना गच्चीचा चुना कसा लागतो, तेही एक. पण जाते बिचारी. आजकाल म्हाताऱ्यांना विचारतं कोण?

रविवार, ९ फेब्रुवारी

उद्या उत्तर द्यायचं आहे. गुंडी म्हणाली, तू सांग आजी, मी काय करू. मी तिला म्हटलं, तू लिहीत राहा, मी सांगते. नुसतं तोंडावर बोलायचं असतं तर सांगितलं नसतं. कागदाकडे बघून बोलायला बरं पडतं. कागद मान डोलवत नाही.

धाकटा तीनच हंगाम का खेळला, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. एका रविवारी अंपायरने त्याला सात वेळा नो-बॉल दिला, चेंडू फेकतोस म्हणून. त्याने टोपी उचलली आणि मैदानातून निघून गेला तो परत आला नाही. बावीस वर्षांचा होता. तो अंपायर म्हणजे आमचे हे. तुझे आजोबा. सहा दिवस घड्याळं दुरुस्त करायचे, रविवारी अंपायर. हेही सगळ्यांना माहीत आहे. माझा भाऊ माझ्या नवऱ्याशी अकरा वर्षं बोलला नाही. मग दोघांच्या दाढा एकाच आठवड्यात दुखल्या, दाताच्या दवाखान्यात शेजारी बसले, तेव्हा बोलले. पण क्रिकेटवर कधीच नाही.

आता जे कोणालाच माहीत नाही ते. धाकट्याचा एक वेगाचा चेंडू होता. बाकीचे सगळे वळायचे, हा सरळ सुटायचा. तो त्याला गोळी म्हणायचा. त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी शर्ट वाळत घालत होते, हे दाढी करत होते. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, मला माझ्या बोलण्याचं भारी कौतुक. मी हसत हसत म्हटलं, "आमच्या धाकट्याची गोळी बघितलीत का? लहानपणी फळं पाडायला दगड मारायचा ना, अगदी तसाच हात झटकतो." हे हसले नाहीत. वस्तरा थांबला. मी समजले कापलं.

दुसऱ्या दिवशी सात नो-बॉल.

बावन्न वर्षं मी सगळ्यांच्या खोड्या काढत आले. एक खोडी एका माणसाला इतकी महाग पडली, हे मी कोणाला सांगितलं नाही. म्हणून म्हणते, पोस्टमनसारखी टाक. कोणाच्या जिभेवर जाऊ नकोस. बावीस वर्षं खेळ.

गुंडीचं पेन थांबलं होतं. मी म्हटलं, आलं का सगळं कागदावर? तिने विचारलं, "सातही वेळा गोळीच होती?"

"सातही."

"बाकीच्या चेंडूंना आजोबा काही म्हणाले नाहीत?"

"नाही."

मग म्हणाली हात दुखतो आहे, आज इथेच थांबू. इतकं थोडं लिहून हात दुखला. असल्या हाताने वर्षभर ओव्हर कशा टाकते देव जाणे.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज फार मोठं झालं, सावकाश सांगते.

गुंडीचा पांढरा शर्ट उजव्या बाहीला दर वेळी कोपराशी विरतो. आज रफू करायला घेतला. तिला म्हटलं, हात लांब कर, बाही मापते. मापली तर आतल्या बाजूला कापड गोळा होतं, बाहेरून ताणतं. मला एकदम आठवण झाली. धाकट्याचे शर्ट मी मुद्दाम उजवी बाही थोडी वाकडी कापून शिवायचे. सरळ कापली की त्याला टोचायची. एक शर्ट पेटीत होता. काढला. गुंडीने घातला. खांद्यात ढगळ, पण बाही अशी बसली जणू तिच्यासाठीच बेतली होती.

गुंडी शर्टाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "आजी, तुझा उजवा हात सरळ कर."

"सरळच आहे."

"भिंतीला लाव."

लावला. खांदा टेकला, मनगट टेकलं, आणि कोपराच्या मागून मांजर निघून जाईल एवढी जागा राहिली. गुंडीने लावला, तीच जागा. तिच्या आईने लावला, पाण्याच्या नळासारखा सरळ. तिच्या बापाने लावला, तोही सरळ.

सत्त्याहत्तर वर्षं मी समजत होते सरळ हात म्हणतात तो हाच.

गुंडीने मग नियम समजावला. हात मुळात वाकडा असला तर चालतो. टाकताना वाकड्याचा सरळ व्हायला नको. थोडा झाला तर माफ, पंधरा अंश. मी म्हटलं अंश म्हणजे किती? घड्याळवाल्याची बायको मी, म्हणून तिने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. मोठा काटा अडीच मिनिटांत सरकतो तेवढा. एवढंसं. आणि जन्माचाच वाकडा हात लांबून बघणाऱ्याला झटकल्यासारखा दिसतो म्हणे.

तिने कोचबाईला फोन केला. तपासणीला जाते म्हणाली.

मी आनंदात आहे असं सगळ्यांना वाटतंय. नाही, मी मशीनवर बसले आहे आणि पाय हलत नाही. धाकट्याचा हात जन्माचा वाकडा होता. तो फेकतच नव्हता. मी हसत हसत एक वाक्य बोलले आणि एका निर्दोष मुलाची टोपी उतरवली. काल वाटत होतं खरं बोलले पण बोलायला नको होतं. आज वाटतं खोटंच बोलले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तपासणी झाली. मीही गेले, माझा कोपर पुरावा म्हणून. डॉक्टरीणबाई तरुण, पायांत धावायचे बूट. तिने आधी माझा हात मोजला, मग गुंडीचा. दोन्ही वीस अंश, जन्माचे. ती इतकी खूश झाली की मला वाटलं आता मला चार ओव्हर टाकायला लावते.

मग मोठ्या बंद हॉलमध्ये गुंडीच्या हातावर चमकते ठिपके चिकटवले. सगळीकडून कॅमेरे. मी शिकवणीला आलेल्यासारखी बाकावर. गुंडीने एकेक चेंडू टाकला, चांगले वळले. डॉक्टरीणबाई म्हणाली, "सामन्यात अंपायरांनी लिहिलेला वेगाचा पण टाकायचा आहे."

गुंडीचा चेहरा उतरला. पाणी प्यायली. बुटाची नाडी सोडून परत बांधली. मग सहा टाकले, सरळ, सणसणीत. मी इतकी वर्षं फिरकी बघते, असा चेंडू धाकट्यानंतर कोणाकडे पाहिला नाही. योगायोग म्हणतात तो हाच. रक्तात असतं काही.

परत येताना बसमध्ये एक शब्द बोलली नाही. ठिपके काढताना कातडी सोलली गेली असेल. निकाल आठवड्याने.

घरी आलो तर धाकट्याचे पाच फोन येऊन गेले होते. एरवी महिनामहिना फोन करत नाही. झालं का, काय म्हणाले, सगळे चेंडू टाकायला लावले का. एकटेपणा माणसाला काहीही विचारायला लावतो. मी त्याच्याशी नीट बोलू शकले नाही. त्याचा आवाज ऐकला की वस्तरा थांबलेला दिसतो.

रविवार, १६ फेब्रुवारी

वाट बघणे. मागे बटणाची बघितली तशीच.

गुंडीने विचारलं, "आजी, माझी एक गोष्ट चुकली असेल तर बाकीचं पण जातं का?" मी म्हटलं, एक टाका चुकला म्हणून कोणी शर्ट फेकत नाही. तेवढाच उसवायचा. तिने मला मिठी मारली. टाक्यांवर कोणी मला मिठी मारलेली आठवत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

निकाल आला. गुंडीने कागद तीनदा वाचून दाखवला, मी चौथ्यांदा वाचायला लावला.

वळणारा चेंडू, कोपर सरळ होतो नऊ अंश. चालतो. हळू उंच टाकलेला, सात अंश. चालतो. वेगाचा सरळ, बावीस अंश. चालत नाही, सामन्यात टाकायचा नाही. बाकी आजपासून खेळायला मोकळी.

हिचा बाप खुर्चीत बसला तो बसलाच, डोळे पुसायला चष्मा काढून चष्माच पुसत राहिला. हिची आई म्हणाली, मला ठाऊकच होतं. नोकरीच्या परीक्षेचा अर्ज तिने हळूच फ्रिजवरून काढून घडी घातला, तो मी बघितला. कोचबाई फोनवर शिट्टीसारखी ओरडली. आणि गुंडी हसत होती ती रडायला लागली, मग जमिनीवर बसली, माझ्या पायाशी.

"आजी, तो वेगाचा मामाआजोबांनी शिकवला. दर शनिवारी, गच्चीवर. तुला सांगू नको म्हणाले होते."

"दिवे?"

"दिवा एकदाच गेला होता."

म्हणजे वर्षभर मी त्या घरातल्या दिव्यांची कीव करत होते. माझ्यासारख्या चौकस बाईच्या नाकाखाली. मला जरा राग आला, पण आज रागाला जागाच नाही. संध्याकाळपासून घरात सगळ्यांचे आवाज मोठे झालेत. परवा धाकट्याकडे जाते. जे सांगायचं ते मीच सांगेन. नातीचा हात सुटला, आता माझी जीभ सुटली पाहिजे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

तिसरा मजला चढले. गुंडी पुढे, वही काखेत, दोन्ही बरण्या पिशवीत. बरण्या कशाला, ते मलाही ठाऊक नव्हतं. रिकाम्या हाती जाववेना.

धाकट्याने दार उघडलं. चौऱ्याहत्तर नाही, ऐंशीचा दिसत होता. त्याने आधी गुंडीकडे बघितलं. ती म्हणाली, "बाकी सगळे पास. गोळी नापास."

तो खाली बसला. "किती?"

"बावीस अंश."

"बावीस," तो म्हणाला. कोणी हरवलेल्या माणसाचा पत्ता सांगावा तसं ऐकलं त्याने.

मी उभीच होते. म्हटलं, आधी माझं ऐक, मग काय ते. आणि सांगितलं. शर्ट वाळत घालणं, दाढी, फळं, दगड, सगळं. म्हटलं, तुझा हात जन्माचा वाकडा होता, आणि माझ्या चोंबडेपणापायी तुझा खेळ गेला. माफी मागायला बावन्न वर्षं लागली, जिने जास्त होते.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, मी फेकतच होतो."

"काय?"

"गोळी. फेकतच होतो. मुद्दाम. बाकीचे टाकायचो, ती फेकायचो. वाकडा हात असल्यावर कोणाला कळत नाही, हे मला सतराव्या वर्षीच कळलं होतं. तुझ्या नवऱ्याने त्या दिवशी सात धरले. नऊ होते."

मी खुर्ची ओढून बसले. आता बातमी चांगली होती.

"आणि तू सांगितलंस म्हणून नाही," तो म्हणाला. "भावोजी तीन रविवार माझ्या मागे उभे राहून मोजत होते. दुसऱ्या दिवशी इथे आले होते. म्हणाले, बाकीचे चेंडू स्वच्छ आहेत, ते टाक, मी तुला कधीच अडवणार नाही. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं."

"मला कधी बोलले नाहीत."

"ते कोणाला काय बोलायचे?"

खरं आहे. घड्याळ उघडून आतलं बिघडलेलं काय ते बघायचे, झाकण लावायचे, गिऱ्हाइकाला सांगायचे, झालं.

तो चहा टाकायला उठायला लागला, मी बसवला. एवढ्यात सुटका नाही. "मग पोरीला कशाला शिकवलीस? तुला ठाऊक होतं ती फेकलेली आहे."

त्याने टेबलावरची बशी उगाच सरकवली.

"तुझ्या वेळी ठिपके नव्हते, कॅमेरे नव्हते. हिच्या हाताने स्वतःचा निकाल लावून घ्यायचा होता होय?"

"वाटलं, हिच्याकडून सुटेल," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा हिचं मनगट चांगलं आहे. वाटलं, हिने स्वच्छ टाकली तर मीही..." गुंडीकडे वळून म्हणाला, "चुकलं माझं, बाळ. तुझं वर्ष गेलं असतं."

गुंडी म्हणाली, "मला आवडायची ती टाकायला." आणि मग, अगदी माझ्या आवाजात, "पण मामाआजोबा, दिव्यांचं खोटं फार झालं."

तो हसला. हसताना खोकला आला. मी पाणी दिलं आणि त्याची बरणी टेबलावर उपडी केली. म्हटलं, आता हिशेब स्वच्छ करू. दोन भोकांची बटणं एका बाजूला, ती गोळीची, ती वजा. चार भोकांची दुसऱ्या बाजूला. आम्ही तिघं तीन वाकड्या हातांनी निवडत बसलो. दोन भोकांची निघाली एकोणतीस. चार भोकांची बेचाळीस.

"बेचाळीस," धाकटा म्हणाला. "झालं. पोस्टमन कुठच्या कुठे गेला."

गुंडीने मान तिरकी केली. "तीन हंगामांत बेचाळीस. हंगामाला चौदा. पोस्टमनला साडेनऊ."

धाकट्याने चार भोकांचं एक बटण उचललं, उजेडात धरलं, परत ठेवलं.

"गोळीशिवायसुद्धा?"

"गोळीशिवायसुद्धा."

"हे तेव्हा सांगायचं होतंस, ताई."

"तेव्हा तू दार उघडत होतास का?"

मग चहा केला त्याने. साखर विसरला. आम्ही प्यायलो.

निघताना गुंडी दारात थांबली. म्हणाली, पुढच्या शनिवारी येते, हळू उंच टाकायचा तो पक्का शिकव. तो म्हणाला, तो मला कधी नीट जमला नाही, पोस्टमनचा होता तो. मुलीकडे राहायला गेलाय, त्याला फोन करून विचारतो. आणि खरंच नंबर शोधायला लागला. पोस्टमनच्या बरणीचं झाकण मी उघडलंही नव्हतं. जिना उतरताना माझे गुडघे दुखले नाहीत, याची नोंद कर.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काल सामना झाला. गुंडीने दहा ओव्हर टाकल्या, दोन विकेट. एक वळून, एक हळू उंच टाकून. एकदा फारच मार बसला तेव्हा तिचा हात क्षणभर गोळीच्या पकडीवर गेला. मी बघितलं, माझ्या शेजारी धाकटा बसला होता त्यानेही बघितलं. बावन्न वर्षांनी मैदानात आला होता, टोपी घालून. मग तिने पकड बदलली. धाकट्याने माझा वाकडा कोपर दाबला, त्याच्या वाकड्या हाताने.

अंपायर तिच्या मागे उभा राहून बघत होता, शेवटी त्याने मान डोलावून तिला तिचा स्वेटर दिला. पुढच्या वर्षीच्या संघात नाव आहे, कोचबाईने रात्री कळवलं.

मी नवी बरणी घेतली. तिच्यात दोन बटणं, दोन्ही चार भोकांची. तसंच क्लबाच्या सेक्रेटरीला बोलावून सांगितलं, की फळ्यावर पोस्टमनचे दोनशे बारा आहेत ते बरोबर आहेत. तो म्हणाला, काकू, पंधरा वर्षं भांडताय, आता काय झालं? मी म्हटलं, एक माझ्याकडे कमी पडत होतं, ते घरातच होतं. चाललं-फिरलं, एकोणीस वर्षांचं झालं, काल दोन विकेट घेतल्या त्याने.

उद्यापासून गुंडीला सकाळी सहाला सराव, संध्याकाळी परत सराव, शनिवारी गच्ची. आत्तासुद्धा एका हाताने लिहिते आहे, दुसऱ्यात चेंडू. बुटाची नाडी सुटली आहे आणि लक्ष दाराकडे आहे. आजी, झालं का, असं तीनदा विचारून झालं.

झालं बाई. आता ही वही लिहायला कोणाला वेळ नाही. मी ती सुरू केली तेव्हा हेच मागत होते.